प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग : फायदे, शंका आणि एक छोटे गणित

बेंगळुरूच्या राजाजीनगरात मी राहतो. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पाच्या अडचणी घेऊन घरी येतात. त्यांतलाच नागपूरचा एक जण सुट्टीत संगणक घेऊन गावी गेला आणि मे महिन्यात त्याचा फोन आला. "सर, प्रोग्राम तोच, डेटा तोच, पण प्रत्येक वेळी उत्तर थोडे वेगळे येते. चूक सापडत नाही." चूक प्रोग्राममध्ये नव्हतीच. एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या त्या संगणकाचा प्रोसेसर त्याने जानेवारीत ओव्हरक्लॉक केला होता. असे का झाले, ते आपण टप्प्याटप्प्याने पाहू.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचे काम क्लॉकच्या ठोक्यावर चालते. मूळ क्लॉकला एका गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. २०११ मध्ये आलेल्या इंटेल कोअर आय-७ २६००के या प्रोसेसरचे उदाहरण घ्या. १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३४, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झ. बायॉसमध्ये जाऊन हा गुणक ४२ केला, तर वेग ४.२ गिगाहर्ट्झ होतो. कारखान्याने ठरवलेल्या वेगाच्या पुढे प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. इंटेलच्या सगळ्याच प्रोसेसरमध्ये गुणक असा मोकळा नसतो. नावातले 'के' हे अक्षर त्याचीच खूण आहे.

हे शक्य का होते?

३.४ गिगाहर्ट्झला एक ठोका सुमारे २९४ पिकोसेकंदांचा असतो आणि ४.२ ला २३८ पिकोसेकंदांचा. तेवढ्या वेळात सर्वांत लांब मार्गावरचा संकेतही मुक्कामी पोहोचलाच पाहिजे. कारखाना मात्र वेग ठरवताना थोडी सवड राखून ठेवतो. चिप उष्ण खोलीत असो, जुनी झालेली असो किंवा व्होल्टेज किंचित घसरलेले असो, उत्तर बरोबरच यावे, यासाठी ही सवड असते. ओव्हरक्लॉकिंग करताना आपण ती सवड खर्च करतो. हा वेग फुकटचा नाही, हे इथेच लक्षात घ्या.

फायदे

१९९८ चा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर यासाठी प्रसिद्ध झाला. मदरबोर्डवरची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झला चालत असे. स्वस्त चिपमधून महागड्या चिपचा वेग मिळे. आज एवढी वाढ सहसा मिळत नाही, कारण टर्बो सुविधेमुळे प्रोसेसर स्वतःच जमेल तेवढा वेग वाढवतो.

तरीही व्हिडिओ रेंडरिंग, सिम्युलेशन किंवा मोठा कोड कंपाइल करणे अशा कामांत फरक पडतो. ३.४ वरून ४.२ म्हणजे सुमारे २३.५ टक्के वाढ. पूर्णपणे प्रोसेसरवर अवलंबून असलेले एक तासाचे काम ४९ मिनिटांत होईल. पण त्यातला अर्धा वेळ मेमरी आणि डिस्कची वाट पाहण्यात जात असेल, तर ते ५४ मिनिटे घेईल. म्हणून आपले काम नेमके कुठे अडते, हे आधी तपासा.

नेहमीच्या शंका

*प्रोसेसर जळेल का?* वेग वाढवल्याने तो लगेच जळत नाही. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की आजचे बहुतेक प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर बंद पडतात. खरा धोका बेसुमार वाढवलेल्या व्होल्टेजचा असतो.

*आयुष्य कमी होते का?* होते. जास्त विद्युतप्रवाह आणि जास्त उष्णता यांमुळे चिपमधल्या सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात.

*वॉरंटीचे काय?* ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. अटी आधी वाचा.

*संगणक बंद पडला नाही, म्हणजे सगळे ठीक ना?* नाही. माझ्या मते सर्वांत मोठी काळजी हीच आहे. सवड अगदी थोडी कमी पडली तर संगणक चालू राहतो आणि अधूनमधून एखादा बिट चुकतो. खेळात ते कळतही नाही, पण प्रकल्पाच्या निष्कर्षात ती चूक तशीच छापली जाते.

नागपूर आणि बेंगळुरूचे गणित

प्रोसेसरची वीज ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ३.४ वरून ४.२ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले.

१.२३५ × (१.१)² = १.४९

म्हणजे ९५ वॅटचे सुमारे १४२ वॅट झाले. वेग पावपटीहून कमी वाढला, उष्णता मात्र जवळजवळ दीडपट झाली. कूलर दर वॅटमागे ०.३५ अंश वाढू देतो असे धरा. १४२ वॅटला ५० अंशांची वाढ होईल. बेंगळुरूच्या २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ अंशांवर राहील, तर नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ९० वर जाईल. तापमान वाढले की ट्रान्झिस्टर आणि तारा दोन्ही मंदावतात. जानेवारीत पुरलेली सवड मे महिन्यात पुरली नाही, ती यामुळे. त्या विद्यार्थ्याने वेग मूळ आकड्यावर आणला आणि उत्तरे पुन्हा जुळू लागली. दोन आठवड्यांचे निकाल मात्र त्याला टाकून द्यावे लागले.

करायचेच असेल तर

१. गुणक एकेक पायरीनेच वाढवा. व्होल्टेजला शक्यतो हात लावू नका.
२. प्रत्येक पायरीनंतर प्राइम९५ सारखी चाचणी काही तास चालवा. ती आपली उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते, म्हणून लपलेली चूकही पकडते.
३. ही चाचणी वर्षातल्या सर्वांत उष्ण खोलीचा विचार करून घ्या.
४. ज्या निकालावर पदवी, पैसा किंवा कोणाची सुरक्षितता अवलंबून आहे, तो निकाल मूळ वेगावरच काढा.

स्वाध्याय : व्होल्टेज न बदलता वेग ३.४ वरून ३.८ गिगाहर्ट्झ केला, तर ४० अंशांच्या खोलीत वरच्याच कूलरसह प्रोसेसरचे तापमान किती होईल? (उत्तर : सुमारे ७७ अंश. मूळ वेगाला ते ७३ असते. व्होल्टेज वाढवणे किती महागात पडते, ते यावरून ताडून पाहा.)