टक्क्यांचा हिशेब: खडकवासला ते फुरसुंगी

खडकवासल्याच्या धरणाला दगड-चुन्यासारखे बांधकाम साहित्य पुरवणाऱ्या ठेकेदारांत एक नाव जोतीराव फुले यांचे होते. मुठेवरचे हे काम 1869 च्या सुमारास सुरू झाले आणि दशकभर चालले. इंजिनिअर फाइफ यांच्यावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. जोतीरावांची ओळख समाजसुधारक म्हणून पक्की झाल्याने त्यांच्या ठेकेदारीकडे फारसे लक्ष जात नाही. पण सरकारी बांधकामात ठेकेदाराचा वाजवी वाटा किती, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला मागोवा त्यांच्यापासूनच घ्यायला हवा, कारण व्यवहाराच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या होत्या. ‘गुलामगिरी’त (1873) इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर त्यांनी चक्क एक पोवाडा घातला आहे.

ठेकेदारीच्या नफ्याचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईतले व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही बांधकामाच्या धंद्यातली तेलुगू मंडळी सत्यशोधक समाजाच्या मागे पैशानिशी उभी राहिली. ठेक्याच्या नफ्यातून चळवळ पोसली गेली, असे उदाहरण आज शोधून सापडणार नाही.

1961 च्या 12 जुलैला खडकवासल्याच्या वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. पानशेतचे काम पुरते संपण्याआधीच त्यात पाणी साठले होते. खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा उभी राहिली. मात्र कामाची घाई आणि त्यातला धोका कोणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न दरपत्रकाच्या रकान्यांत बसत नाही.

आता त्या रकान्यांकडे वळू. सरकारी कामात ठेकेदाराला ‘व्यवस्थापन शुल्क’ असे वेगळे बिल सहसा लावता येत नाही. ते दरातच मुरवलेले असते. साहित्य, मजुरी, यंत्रे आणि वाहतूक यांची बेरीज करून तिच्यावर ठरावीक टक्के चढवायचे, ही रीत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात नफा आणि वरखर्च मिळून हे प्रमाण 15 टक्के धरतात. अर्धे नफ्याचे, अर्धे वरखर्चाचे. रस्ते मंत्रालयाच्या पद्धतीत नफ्याला 10 टक्के मिळतात आणि वरखर्च निराळा. साइट ऑफिस, सुपरवायझर, विमा, बँक गॅरंटी हे सगळे वरखर्चात येते.

यातून दरसूची तयार होते. महाराष्ट्रात ‘बी-1’ निविदेत ठेकेदार अंदाजपत्रकाच्या इतके टक्के वर किंवा खाली एवढेच भरतो. ‘बी-2’त बाबनिहाय दर लिहितो. एखादे काम वीस टक्के ‘बिलो’ गेले, तर कागदावरचा 15 टक्क्यांचा वाटा गिळून मूळ खर्चाच्या आठ टक्के अंगावर येतात. तरी काम पूर्ण होते आणि ठेकेदार पुढच्या निविदेलाही हजर असतो! याचे दोनच अर्थ निघतात: अंदाजपत्रक फुगलेले होते, किंवा कामात माल कमी घातला. फार खाली दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याचा नियम या संशयातूनच आला.

नफा खर्चाशीच बांधला तर काय होते, हे अमेरिकेने पहिल्या महायुद्धात अनुभवले. प्रत्यक्ष खर्च अधिक त्यावर टक्केवारी, असे करार तिथे झाले. जेवढा खर्च जास्त तेवढी कमाई जास्त. पुढे तिथल्या कायद्याने ही पद्धत केंद्र सरकारच्या कामांत बंद केली आणि खर्च भरून देण्याच्या करारांत शुल्काची रक्कम आधीच निश्चित करायला लावली.

आपल्याकडे असा करार सहसा नसतो, पण परिणाम तोच साधणारी वाट आहे. तिचे नाव सुप्रमा, म्हणजे वाढलेल्या खर्चाला मिळणारी सुधारित प्रशासकीय मान्यता. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आले, पाठोपाठ विदर्भाचेही. विदर्भातल्या 38 सिंचन प्रकल्पांची किंमत 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर गेल्याचा आकडा पुढे गाजला. ही वाढ 2009 मध्ये काही महिन्यांत मंजूर झाली होती. 2012 च्या अखेरीस माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले आणि 2014 मध्ये त्याचा अहवाल विधिमंडळापुढे आला. टक्का दहा असो की पंधरा, मूळ रक्कमच चौपट झाली की नफ्याच्या दरावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही. खरे शुल्क निविदा उघडल्यानंतर ठरते, ही या सगळ्या इतिहासातली बोचरी गोष्ट.

खडकवासल्याला आता पुन्हा मोठे काम आहे. 2018 च्या 27 सप्टेंबरला मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्त्यांत पाणी शिरले. शहरातून जाणाऱ्या या कालव्याऐवजी खडकवासला ते फुरसुंगी सुमारे 28 किलोमीटरचा बोगदा खोदायचा प्रकल्प मंजूर झाला असून त्याचा खर्च सुमारे 2,190 कोटी रुपये धरला आहे. बोगद्यात खडक कसा लागेल हे आधी नेमके कळत नाही, म्हणजे दरवाढीला कारणे मिळणारच. त्यातली काही खरीही असतील. पुणेकरांनी पहिली सुप्रमा निघेल त्या दिवशीच तिचा बाबनिहाय तपशील माहिती अधिकारात मागून घ्यावा.