पायाला काटे बांधून झाडावर चढताना

चिंचेचा हंगाम आला की आपल्याकडचं गणित ठरलेलं असतं. झाडावर पुरुष चढणार, चिंचा झोडपणार, आणि खाली वाकून वेचणार आपण. मजुरीही तशीच, वरच्याला जास्त, खालच्याला कमी. म्हणून देवपूरच्या आमच्या एका गटाच्या बैठकीत विषय निघाला, की बचतीतून झाडावर चढायचे स्पाइक घ्यावेत का? पैसा गटाचा, तेव्हा आधी पायाला बांधून बघू, असं ठरलं.

स्पाइक म्हणजे नडगीला पट्ट्यांनी बांधायची लोखंडी पट्टी. तिचा आधार तळपायाखाली येतो, आणि पायाच्या आतल्या बाजूला खाली झुकलेला टोकदार काटा असतो. जाड सालीच्या झाडाला लांब काटा, पातळ सालीच्या झाडाला आखूड.

एका बहिणीच्या शेताच्या बांधावरची निलगिरी तोडायची होती, परवानगीचा कागद हातात होता. झाडं उतरवण्याचं काम करणारे एक दादा शिकवायला आले. आम्ही सहा जणी गेलो. साडी चालणार नव्हती, सैल सलवारही नाही, कारण काटा कापडात अडकतो. मग कोणी भावाची पॅन्ट आणली, कोणी मुलाची. त्यावरच अर्धा तास हसण्यात गेला.

दादांचा पहिला नियम होता, की पहिल्या दिवशी पाय जमिनीपासून दोन हातांच्या वर न्यायचेच नाहीत. चढण्याआधी कमरेला सुरक्षा पट्टा. त्या पट्ट्याला अडकवलेला दोर झाडाच्या मागून फिरवून पुन्हा पट्ट्यात अडकवायचा. वर करवत चालवायची असेल तर ज्याच्या आत पोलादी तार आहे असा दोर लागतो. साधा दोर करवतीच्या एका फटक्यात तुटतो. शिवाय वेगळा बांधलेला दुसरा दोर हवाच.

आता पाऊल. काटा लाथ मारून रुतवायचा नसतो. पाय टेकवायचा आणि अंगाचा भार सावकाश त्यावर द्यायचा, काटा आपोआप बसतो. पावलं वितीएवढी छोटी. दोन पावलं चढलं की दोर वर सरकवायचा. गुडघे झाडापासून लांब ठेवायचे आणि अंग मागे दोरावर रेलायचं.

खरी अडचण इथेच येते. भीती वाटली की बाईमाणूस काय आणि पुरुष काय, झाडाला मिठी मारतो. मिठी मारली की गुडघे खोडाला लागतात, पाय उभे होतात, काट्याचा कोन बिघडतो आणि तो सालीतून निसटतो. आमच्यातली एक हातभर उंचीवरच ओरडली, "माय वं, पाय सटकना!" दोर होता म्हणून ती तिथेच लटकली. मागे रेलायला मन तयार होईपर्यंत आम्हाला पूर्ण सकाळ लागली. मन त्या दोरावर विश्वास ठेवायला लवकर तयार होत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. डोक्याला हेल्मेट. एकटीने कधीच चढायचं नाही. चढणाऱ्याला खाली उतरवता येईल अशी एक जण खाली असलीच पाहिजे, कारण पट्ट्यात बराच वेळ निश्चल लटकणं जिवावर बेतू शकतं. जवळून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं तो प्रश्न. हे काटे चिंचेला चालतील का? नाही. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ जिवंत थर असतो. झाड त्यातूनच जाड होतं आणि जखम भरून काढतं. काटा त्यालाच भोकं पाडतो, आणि भोकातून बुरशी आणि कीड आत शिरते. म्हणून जाणकार स्पाइक फक्त तोडायच्या झाडाला वापरतात. जे झाड दरवर्षी उत्पन्न देतं त्याला दरवर्षी भोसकायचं कशाला?

दुसरं असं, की चिंचेचं खोड चढणं ही मोठी अडचणच नाही. चिंचा असतात फांद्यांच्या टोकाला, आणि माणूस घसरतो तोही तिथेच. तिथे स्पाइकचा काय उपयोग? तिथे पट्टा, वरच्या भक्कम दुबेळक्यातून घेतलेला दोर, लांब आकडी आणि खाली अंथरायला ताडपत्री लागते. शेवग्याबद्दल तर विचारूच नका. त्याचं लाकूड ठिसूळ, त्याच्या शेंगा जमिनीवर उभं राहून आकडीनेच काढायच्या.

नारळाची गोष्ट आणखी वेगळी. नारळाच्या खोडाला तो जखम भरणारा थरच नसतो, त्यामुळे पडलेलं भोक जन्मभर राहतं आणि जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. त्यावर केरळमध्ये पायाने चालवायचं यंत्र निघालं. दोन पायांना दोन भाग, प्रत्येकाचा तारेचा फास खोडाभोवती, एक सैल करून वर सरकवायचा, दुसऱ्यावर उभं राहायचं. खोडाला टोचत काहीच नाही. नारळ विकास मंडळाने 2011 साली या यंत्रावर सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं आणि त्यातून कितीतरी बायका नारळ उतरवायच्या कामाला लागल्या. पण ते यंत्र सरळ, बिनफांदीच्या खोडालाच चालतं. आपल्या चिंचेला ते निरुपयोगी.

पुढच्या बैठकीत गटाने ठराव केला, की स्पाइक घ्यायचे नाहीत. दोन पट्टे, दोर, हेल्मेट, आकड्या आणि ताडपत्री घ्यायची. तोडायच्या झाडाचं काम मिळालंच तर स्पाइक तेवढ्यापुरते भाड्याने आणू. आणि जी वर चढेल तिला वर चढणाऱ्याचीच मजुरी, हे शेतमालकाशी आधी बोलून घ्यायचं.

त्याच ठरावात आणखी एक ओळ आहे. चढणाऱ्या प्रत्येकीचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा हवा. वय 18 ते 70, बँकेत खातं, वर्षाला 20 रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर 1 लाख. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे आहेत ना, ते प्रत्येकीने पासबुक भरून बघून घ्या.