लायब्ररी स्टॅटिक की शेअर्ड? सीमेकचे एक फसवे सेटिंग

सी++ मधली एखादी लायब्ररी उतरवून घेतली की ती आपल्या संगणकावर बांधायला बऱ्याचदा सीमेक लागते. सीमेक स्वतः कोड कंपाइल करत नाही. कोणती फाइल कशी कंपाइल करायची याच्या सूचना तयार करून ते मेक, निन्जा किंवा व्हिज्युअल स्टुडिओकडे काम सोपवते.

सीमेकचे डॉक्युमेंटेशन चुकीचे नाही, पण प्रत्येक कमांडचे पान वेगळे. त्यामुळे ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्ज’ या एका सेटिंगची हकिगत चार-पाच पानांत विखुरली आहे. ती आपण क्रमाने लावून घेऊ.

आधी प्रकार. स्टॅटिक लायब्ररीतला लागेल तेवढा कोड थेट आपल्या प्रोग्रॅमच्या फाइलीत उतरतो. शेअर्ड लायब्ररी वेगळी फाइल राहते आणि प्रोग्रॅम चालवताना मेमरीत घेतली जाते. लिनक्सवर पहिलीचे नाव ‘.ए’ने संपते, दुसरीचे ‘.एसओ’ने.

आता प्रोजेक्टची ‘सीमेकलिस्ट्स’ फाइल उघडा आणि ‘ॲड_लायब्ररी’ ही कमांड शोधा. नावापुढे ‘स्टॅटिक’ किंवा ‘शेअर्ड’ लिहिलेले असेल तर विषय संपला. आपले सेटिंग तिथे चालत नाही. प्रकार लिहिलेला नसेल तरच सीमेक ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्ज’कडे पाहते. ते ऑन असेल तर शेअर्ड, एरवी स्टॅटिक. पहिली ठेच बहुतेकांना इथेच लागते.

दुसरा गैरसमज हद्दीचा. संगणकावर आधीच असलेली, ‘फाइंड_पॅकेज’ने शोधून आणलेली लायब्ररी या सेटिंगने बदलत नाही; ती जशी बांधली गेली तशीच राहते. उलट ‘ॲड_सबडिरेक्टरी’ने आत घेतलेल्या परक्या प्रोजेक्टवर मात्र ते लागू पडते. आपल्याला एकच लायब्ररी शेअर्ड हवी असते आणि सोबतच्या साऱ्या शेअर्ड होऊन बसतात.

सेटिंगचे स्पेलिंग चुकले तरी काम थांबत नाही. हे व्हेरिएबल वापरलेच गेले नाही, एवढा इशारा शेवटी येतो आणि आपण तो वाचत नाही.

मग कॅश. पहिल्या वेळी ठरलेली किंमत सीमेक बिल्ड फोल्डरमधल्या कॅश फाइलीत जपून ठेवते. नंतर प्रोजेक्टच्या फाइलीत ‘ऑप्शन’ या कमांडने दिलेली मूळ किंमत बदलली तरी जुनीच चालू राहते. ‘मी तर बदलले होते!’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. सीमेकच्या आवृत्ती 3.24 पासून जुनी कॅश टाकून नव्याने सुरुवात करणारा ‘फ्रेश’ हा पर्याय आहे. त्याआधीच्या आवृत्तीत बिल्ड फोल्डर सरळ पुसावे.

लिनक्सवर स्टॅटिक लायब्ररी शेअर्ड लायब्ररीत जोडताना ‘एफपिक लावून पुन्हा कंपाइल करा’ अशी लिंकरची तक्रार येऊ शकते. शेअर्ड लायब्ररीचा कोड मेमरीत कुठेही बसवता यावा लागतो. शेअर्डसाठी सीमेक ही सोय आपोआप लावते, स्टॅटिकसाठी नाही. तिथे ‘पोझिशन_इंडिपेंडंट_कोड’ आपणच ऑन करावे.

खरा गोंधळ विंडोजवर. तिथे स्टॅटिक लायब्ररीही ‘.लिब’ आणि डीएलएलसोबत (म्हणजे विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीसोबत) येणारी जोडणीची छोटी फाइलही ‘.लिब’, नावावरून ओळखता येत नाही. शिवाय कोणती फंक्शने बाहेर दिसावीत हे कोडमध्ये लिहिले नसेल, तर व्हिज्युअल सी++ ती छोटी फाइल बनवतच नाही. डीएलएल तयार होते आणि पुढच्या पायरीवर लिंकर ‘.लिब’ सापडत नाही म्हणून अडतो. सीमेकच्या आवृत्ती 3.4 पासून असलेले ‘विंडोज_एक्स्पोर्ट_ऑल_सिम्बॉल्स’ हे सेटिंग यातून बरेचसे सोडवते.

त्यातच ‘एमटी’ आणि ‘एमडी’ हे पर्याय भेटतात. आपली लायब्ररी स्टॅटिक की डीएलएल हे त्यांतून ठरत नाही. मायक्रोसॉफ्टची सी रनटाइम लायब्ररी कशी जोडायची, एवढेच ते सांगतात. एका भागाला एमटी आणि दुसऱ्याला एमडी लागले तर लिंकर एलएनके2038 ही चूक दाखवतो. सीमेकमध्ये यासाठी 3.15 पासून ‘सीमेक_एमएसव्हीसी_रनटाइम_लायब्ररी’ हे वेगळे सेटिंग आहे. त्याची आणि ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्ज’ची सरमिसळ करू नये.

आपण स्वतः लायब्ररी लिहून इतरांना देत असाल, तर एक विनंती: प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये लायब्ररीचा प्रकार पक्का आहे की ‘बिल्ड_शेअर्ड_लिब्ज’वर सोडलेला, हे एका ओळीत लिहून ठेवा.