प्रतीक्षा किनाऱ्याची: कोकणातील ऋतुसोहळे आणि कीटकांचे पंचांग

माघ सरत आला, की कोकण किनाऱ्यावरील गावांत एक वेगळीच लगबग सुरू होते. घराच्या माळ्यावरील गाद्या उन्हात पडतात, पडवी सारवली जाते, विहिरीवरचा पंप दुरुस्त होतो. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचे दूरध्वनी येऊ लागतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात: कासवे कधी पाहायला मिळतील, शिमग्याची पालखी कोणत्या दिवशी दारी येणार, हापूस केव्हा तयार होईल? ज्या शेतकरी कुटुंबांनी बागेलाच पर्यटनाची जोड दिली आहे, त्यांचे वर्षभराचे अर्थकारण या प्रश्नांच्या उत्तरांभोवती फिरते.

या सोहळ्यांचे दिवस छापील दिनदर्शिकेत पूर्णपणे सापडत नाहीत. ते थंडी, वारा, वाळूची ऊब आणि पहिला पाऊस यांवर ठरतात. कीटकसृष्टीही याच खुणांवर चालते. म्हणूनच पाहुण्यांचे पंचांग आणि किडींचे पंचांग शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, तर बाग आणि पाहुणचार दोन्ही सांभाळता येतात.

वाळूतील जन्म आणि किनाऱ्यावरील दिवे

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांमुळे देशभर ओळखले जाते. ओडिशातील गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या येथे माद्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालतात; कोकणात मात्र त्या एकेकट्या येतात. एका घरट्यात साधारण शंभराच्या आसपास अंडी असतात. कोल्हे, कुत्रे आणि माणसे यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून ती कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलविली जातात. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहायची आणि पिल्ले असतील तर पाण्याच्या दिशेने सोडायची, हाच तो सोहळा. टोपलीखाली काही नसेल, तर पाहुण्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. निसर्गाच्या वेळेपुढे घड्याळ बाजूला ठेवण्याचा हा धडा अनेकांना पिल्लांइतकाच लक्षात राहतो.

नवजात पिल्लू क्षितिजावरील सर्वांत उजळ दिशेकडे सरकते. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. पण मागे निवासस्थानाचे प्रखर दिवे लागले असतील, तर पिल्लू उलट्या दिशेने जाऊ शकते. वैशाखाच्या अखेरीस झाडांवर लुकलुकणाऱ्या काजव्यांचीही हीच अडचण असते. नर-मादी परस्परांना प्रकाशाच्या संकेतांनी ओळखतात आणि कृत्रिम उजेडात ते संकेत हरवतात. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, ही बाब बागायतदाराने विशेष ध्यानात ठेवावी. नारळावरील गेंड्या भुंगाही रात्री दिव्याकडे आकर्षित होतो. तेव्हा समुद्राच्या व बागेच्या बाजूचे अनावश्यक दिवे मालविणे, उरलेल्या दिव्यांवर खाली उजेड पाडणारे झाकण बसविणे, एवढ्या साध्या उपायाने तीन कामे साधतात.

मोहोरापासून पेटीपर्यंत

फाल्गुनात शिमगा येतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते, चाकरमानी गावी परततात. त्या सुमारास हापूसच्या झाडावर कुठे सुपारीएवढी, तर कुठे अंड्याएवढी फळे धरलेली असतात. ही फळे धरण्यामागे डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर वावरलेल्या असंख्य माश्या व मधमाश्यांचे श्रम असतात. आंब्याच्या परागीभवनात मधमाश्यांइतकाच निरनिराळ्या माश्यांचा वाटा असतो. म्हणूनच तुडतुड्यांचे नियंत्रण मोहोर फुलण्यापूर्वीच नीट करावे; पूर्ण फुलोऱ्यात फवारणी टाळावी. तुडतुड्याने मोहोराचा रस शोषल्यास आणि त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढल्यास मोठे नुकसान होते हे खरे. परंतु भीतीपोटी अवेळी केलेली फवारणी परागीभवन करणाऱ्या कीटकांनाच मारते.

यानंतर फळमाशीचे दिवस येतात. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या फळमाशीची मादी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. टोचल्याची खूण इतकी सूक्ष्म असते, की काढणीच्या वेळी फळ निर्दोष भासते. पाहुणा आनंदाने पेटी घेऊन घरी जातो, फळे पेंढ्यात पिकू लागतात आणि तेवढ्या दिवसांत आत अळ्या वाढतात. पेटी उघडते तेव्हा बागायतदार समोर नसतो. त्याचे नाव मात्र असते.

याच किडीमुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली होती. ती जानेवारी 2015 मध्ये उठली. पण त्यासाठी निर्यातीच्या प्रक्रिया व तपासणी अधिक काटेकोर कराव्या लागल्या. बागेत येऊन आंबा नेणारा पाहुणा अशी कोणतीही अधिसूचना काढत नाही. तो पुढच्या वर्षी येत नाही, इतकेच. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन पेटीला ओळख देते. आतल्या फळाची शाश्वती मात्र बागेतच निर्माण करावी लागते.

त्यासाठीचे उपाय अवघड नाहीत. मिथाइल युजेनॉलचे सापळे फळे पक्व होण्याच्या आधीच टांगावेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. त्यात नर माश्या सापडतात, माद्या फलित होण्याचे प्रमाण घटते आणि पुढील पिढी रोडावते. हा परिणाम हळूहळू दिसतो. म्हणून शेजारच्या बागांनी मिळून, एकाच वेळी सापळे लावणे अधिक हिताचे. गळलेली व किडकी फळे दररोज गोळा करून खोल पुरावीत, कारण अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जातात. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून गळफळे बागेच्या कोपऱ्यात ढकलणे म्हणजे किडीला आश्रय देणे होय.

लेबलावरील प्रतीक्षा

कृषी पर्यटन असलेल्या बागेत आणखी एका प्रतीक्षेला महत्त्व आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलावर शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे हे दिलेले असते. एरवी काढणीची तारीख शेतकरी ठरवतो. पर्यटनात ती पाहुण्यांच्या सुट्ट्यांवर ठरू लागते, आणि चूक इथेच होते. मुले झाडाखाली आंबा उचलतात आणि तिथेच खातात. म्हणून आरक्षण स्वीकारतानाच फवारणीची नोंदवही उघडावी, पाहुण्यांच्या येण्याच्या दिवसापासून मागे मोजावे आणि ते अंतर पूर्ण होत नसेल, तर बागेचा तो भाग पाहुण्यांसाठी बंद ठेवावा.

मिरग आणि नारळी पौर्णिमा

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग नक्षत्र लागते. पहिल्या सरींनंतर मातीवर लाल मखमली जीव फिरू लागतात. त्यांना मृगाचा किडा म्हणतात; मात्र आठ पायांचा हा जीव कीटक नसून कोळी वर्गातील आहे. तो लहान कीटक व त्यांची अंडी खातो, म्हणून त्याला मारू नये. पाहुण्यांच्या मुलांना तो तळहातावर दाखविणे हा पावसाळी पर्यटनाचा विनाखर्च कार्यक्रम ठरतो.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. तो नारळ बागेत टिकावा यासाठी मिरगापूर्वीच शेणखताचे खड्डे उपसावेत, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या तेथेच वाढतात. खतात मेटारायझियम बुरशीचा वापर करावा. भुंग्याने पोखरलेला कोवळा शेंडा पुढे पंख्यासारख्या कापलेल्या झावळ्यांच्या रूपाने दिसतो आणि त्याच जखमांतून सोंड्या भुंगा शिरकाव करतो. पहिल्या किडीकडे झालेले दुर्लक्ष अखेरीस झाडाच्या जिवावर बेतते.

गणपती येतील, भात कापले जाईल, आणि डिसेंबरची थंडी पुन्हा मोहोराची चाहूल देईल. तेव्हा पाहुण्यांचे दूरध्वनीही सुरू होतील. विस्तार कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत किनारी गावांतील घरांना भेट द्यावी आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: पाहुणे कधी येणार आहेत, आणि शेवटची फवारणी कधी झाली? या दोन तारखा एकाच वहीत, एकाच पानावर लिहिलेल्या आढळल्या, तर त्या घराची पुढची तयारी योग्य मार्गावर आहे असे समजावे.