तुटलेला पुढचा दात आणि तात्पुरती टोपी

पुढचा दात तुटला की मुलाखतीला निघालेला तरुण बोलताना तोंडावर हात धरतो. दात दुखत नाही म्हणून आपण उपचार लांबवतो. तुटलेला तुकडा मिळाल्यास दुधात ठेवून त्याच दिवशी दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदा तो चिकटवता येतो. कॅप लागणार असेल, तर दात घासून माप घेतात आणि पक्की कॅप येईपर्यंत दाताच्या रंगाच्या ॲक्रिलिकची टोपी कच्च्या सिमेंटने बसवतात. त्यामुळे उघडा दात झाकला जातो, थंड-गरम झोंबत नाही, शेजारचे दात सरकत नाहीत. मात्र ही सोय काही आठवड्यांपुरतीच. तिने ऊस, चिक्की चावू नये. दात छान दिसतो म्हणून पुढची तारीख चुकवली, तर सिमेंट विरघळून आत कीड लागते, दातही गमवावा लागतो. बंधू-भगिनींनो, आपण अर्ध्यावर थांबू नये.