घराची गोधडी

बालमित्रांनो, थंडीत आपण गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः गरम असते का? मुळीच नाही. तिच्या थरांत हवा अडकलेली असते. अडकलेली हवा उष्णता लवकर जाऊ देत नाही, म्हणून अंगाची ऊब अंगाजवळच राहते. घराच्या भिंतीचंही असंच आहे. पण सगळ्या मुलखांना एकच गोधडी चालत नाही.

देशावर : उन्हाळ्यात इथे दिवस तापतो आणि रात्र निवते. जुन्या घरांच्या मातीच्या भिंती चांगल्या हात-दीड हात जाड असतात. जाड भिंत सावकाश तापते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मग दारं-खिडक्या उघडायच्या आणि अंगणात निजायचं!

कोकणात : तिथे दमट हवा. दिवसा नि रात्री फारसा फरक नाही. म्हणून नुसती जाड भिंत पुरत नाही. सावली, वारा आणि कोरडी भिंत हवी. भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर उतरतं. पावसाळ्यात भिंतीला झावळ्यांचा आडोसा बांधतात. कारण भिंत भिजली की हवेच्या जागी पाणी शिरतं आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने जाते.

लडाखमध्ये : लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पाणी गोठतं. तिथे घरं उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची असतात. फे गावातल्या सेकमॉल संस्थेच्या इमारतींना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेला काचा आहेत. दिवसा ऊन आत येतं. भिंती ती ऊब साठवतात आणि रात्री परत देतात.

पालकहो, आता गावोगावी पत्र्याच्या खोल्या झाल्या आहेत. पत्रा पातळ. तो ऊन अडवत नाही नि थंडीही अडवत नाही. दुपारी तिथेच आजी आणि तान्हं बाळ निजतं, आणि उन्हाचा त्रास आधी त्यांनाच होतो. म्हणून आतून चार बोटं जागा सोडून बांबूची तट्टी लावावी आणि ती शेणामातीने लिंपावी. मधली हवा हीच गोधडी. बाहेरून पत्र्याला चुना द्यावा, म्हणजे तो कमी तापतो.

करून पाहा : तीन सारखे तांबे घ्या. मोठ्या माणसांकडून त्यांत सारखंच गरम पाणी ओतून घ्या. एक उघडा ठेवा, दुसऱ्याला कोरडं फडकं गुंडाळा, तिसऱ्याला ओलं. अर्ध्या तासाने बघा, कोणतं पाणी जास्त गरम राहिलं?

लक्षात ठेवा : आधी आपली हवा ओळखा, मग भिंत निवडा!