गूळ आपला, मग वेबसाइटवरचा लेख दुसऱ्याचा कशाला?

कोल्हापूर : गुऱ्हाळं पेटली की "गूळ ऑनलाइन विकता येईल का?" असं विचारणारे फोन सुरू होतात. विकता येतो. वेबसाइट काढणंही आता अवघड राहिलं नाही. अवघड आहे ते तिथं गिऱ्हाईक आणणं.

माझ्या ओळखीच्या एका गुऱ्हाळवाल्यांनी पैसे मोजून वेबसाइट करून घेतली. तिच्यावर मजकूर काय, तर "आम्ही शुद्ध, दर्जेदार व नैसर्गिक गूळ रास्त दरात पुरवतो." असंच वाक्य शंभर जणांच्या वेबसाइटवर आहे. वर्षभर ऑर्डर आल्या त्या पाहुण्यांच्याच.

गिऱ्हाईक काय शोधतं?

पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक गुगलवर तुमच्या गुऱ्हाळाचं नाव टाकत नाही, त्याला ते माहीतच नसतं. ते विचारतं, "चांगला गूळ कसा ओळखायचा?", "गूळ काळा का असतो?", "पावसाळ्यात गुळाला पाणी का सुटतं?" ह्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला तोंडपाठ आहेत. तीच लिहून काढायची. लेख वाचून ज्याचं समाधान होतं, तो खाली दिलेला दर बघतोच.

प्रश्न सापडत नसतील तर गुगलवर "गूळ" एवढं टाइप करून बघा. खाली जी यादी येते, तेच लोकांचे प्रश्न. फोनवर गिऱ्हाइकानं विचारलेलं वहीत टिपून ठेवलं तर आणखी बरं.

लेख कसा लिहायचा?

एका लेखात एकच प्रश्न. मथळ्यात गिऱ्हाइकाचेच शब्द ठेवा आणि उत्तर पहिल्या दोन-तीन ओळीत द्या. मग सविस्तर सांगा.

समजा प्रश्न रंगाचा आहे. तर लिहा की रस उकळताना भेंडीचं पाणी घालून मळी काढतात. रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर घालतात. आपण घालत नाही. पण "काळा म्हणजे शुद्धच" असंही लिहू नका. उसाची जात, जमिनीतला खार, जास्त लागलेला जाळ, जुना माल, ह्यानंही गूळ काळा पडतो. खरं सांगणाऱ्यावरच गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

फोटो आपल्याच काहिलीचा, आपल्याच चुलवाणाचा लावा. आकडे द्या. एक टन उसापासून साधारण १०० किलोच्या आसपास गूळ पडतो, हे वाचलं की दर जास्त का, ते गिऱ्हाइकाला आपोआप कळतं. शेवटी गावाचं नाव, फोन नंबर, किलोचा दर आणि कुरिअरचा खर्च स्पष्ट लिहा.

टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवर माइकचं बटण दाबून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. नंतर एकदा वाचून चुका तेवढ्या काढा.

हे टाळा

दुसऱ्याचा लेख उचलून टाकू नका. "कोल्हापुरी गूळ" हा शब्द प्रत्येक ओळीत कोंबला म्हणून गुगल वर दाखवत नाही, उलट मागं टाकतं. "गुळानं शुगर बरी होते" असले दावे तर अजिबात नकोत. गुळातही साखरच असते. अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. आपला एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर मात्र ठळक लिहा.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसताना तो लावू नका.

घाई नको

ऊस लावला की लगेच तुटत नाही, तसंच हे. लेख गुगलवर वर यायला काही महिने जातात. तोवर लिंक व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना पाठवा. कोणत्या शब्दांवरून लोक आले, हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये फुकट दिसतं. ते बघून पुढचा लेख ठरवा. महिन्याला दोन लेख झाले तरी पुष्कळ.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि इथल्या गुळाला बाजार मिळाला. आज बाहेरचा गूळ कोल्हापुरीच्या नावावर खपतो अशी ओरड आपणच करतो, आणि दुसरीकडं एकेक गुऱ्हाळ बंद पडतंय. खरा गूळ कसा असतो हे करणाऱ्यानं लिहिलं नाही, तर न करणारा लिहिणार आणि गिऱ्हाईकही तोच नेणार. तेव्हा मंडळी, पहिला लेख आज रात्री जेवण झाल्यावर लिहायला घ्या.